घर सोडणारी माशी

कालिदासाच्या मेघदूतात महाकालाच्या सायंपूजेचा प्रसंग आहे. चवऱ्या ढाळून हात थकलेल्या नर्तकी पावसाच्या पहिल्या थेंबांनी सुखावतात आणि मेघाकडे लांब लांब कटाक्ष टाकतात. त्या कटाक्षांना कवीने मधुकरांच्या रांगेची उपमा दिली आहे. उज्जैनच्या शाळेत आमच्या संस्कृतच्या गुरुजींनी 'मधुकर' म्हणजे 'भौंरा' असे सांगितले, आणि घरी आईने त्याचा मराठी 'भुंगा' करून दिला. पुढे त्याच गावात मी इतिहास शिकवू लागलो, निवृत्तही झालो, आणि या अर्थाविषयी माझे मन साशंक होत गेले. भुंगा एकेकटा हिंडतो, घरांचे वासे पोखरतो, आणि मधाचा साठा काही करीत नाही. मधुकर म्हणजे मध करणारा. दिवेलागणीच्या वेळी काळ्याभोर ओळीने घराकडे परतणारा, चांदण्या रात्री तर अंधार पडल्यावरही फुलांवर जाणारा प्राणी या गावात एकच आहे, आणि तो म्हणजे आग्या मोहोळाची माशी. संस्कृतज्ञांनी क्षमा करावी. पण कालिदासाने महाकालाच्या आवारात बसून वर पाहिले असेल, तर त्याला हीच दिसली असणार असे मी धरून चाललो आहे.

आमच्या कॉलनीत सिमेंटची उंच पाण्याची टाकी आहे. पाऊस सरला की तिच्या पोटाखाली आग्याची मोहोळे लागतात. कधी तीन, कधी पाच. एका वर्षी अकरा मोजली होती. प्रत्येक मोहोळ म्हणजे एकच लोंबते पोळे, हातभर रुंद, कधी त्याहून मोठे, त्यावर माश्यांचा जिवंत पडदा. दिवाळी जवळ आली की कॉलनीच्या बैठकीत विषय निघतो. पोरे रॉकेट उडवणार, एखादे टाकीवर गेले तर काय? बाहेरून माणसे बोलावली जातात आणि रात्री पलिते लावून मोहोळे जाळली जातात. सकाळी टाकीखाली माश्यांचा खच पडलेला असतो आणि सफाईवाली बाई तो दोन घमेल्यांत भरते. मी दोनदा विरोध केला, आणि दोन्ही वेळा बहुमताने हरलो. आमचा तेव्हाचा म्हातारा चौकीदार मात्र बैठकीबाहेर मला म्हणाला, "साहब, ये तो जाने वाली चीज़ है. गर्मी में अपने आप चली जाएगी."

'जाने वाली चीज़' हे त्याचे शब्द माझ्या मनातून गेले नाहीत, याचे कारण उज्जैनपासून फार दूर, खानापूर तालुक्यात, माझ्या आजोळी आहे. तिकडे वळण्यापूर्वी माश्यांची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. या अंकाचे वाचक दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहणारे, त्यांना नावांची ही देवघेव नवी नाही.

आपल्या मुलखात मध देणाऱ्या देशी माश्या मुख्यतः चार. आग्या सर्वांत मोठी. कन्नडमध्ये ती 'हेज्जेनु', म्हणजे थोरली माशी. दुसरी फुलोरी, झुडपाच्या काटकीवर तळहाताएवढे पोळे करते, तिला कन्नडमध्ये 'कोलुजेनु' म्हणतात. आणखी एक बारीक, नांगी नसलेली, भिंतीच्या भोकात डिंकमेणाची नळी काढून राहणारी. आणि सातेरी. ही झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, वारुळात, अंधारात समांतर पोळी बांधते. हिंदी भागात तिला 'सतकोचवा' म्हणतात, कारण एकामागे एक सातेक पोळी. कन्नडमध्ये ती 'तुडुवे'. सातेरी हे नाव उच्चारले की गोव्या-कोकणच्या वाचकाला वारुळाच्या रूपातली सातेरी देवी आठवणार, आणि ते मला आवडते. पेटीत राहायला कबूल झालेली देशी माशी ती हीच. आग्या आणि फुलोरी उजेडात, उघड्यावर, एकच पोळे करतात. त्यांना पेटीत कोंडता येत नाही.

पेटीचा इतिहास आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांचा. तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी १९१० नंतरच्या दशकात सातेरीच्या बेताची लहान, स्वस्त पेटी बनवली. न्यूटन पेटी म्हणून ती दक्षिणेत घरोघर गेली. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने मधमाशापालन हा खेड्याचा जोडधंदा व्हावा अशी शिफारस केली. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारात मधाला जागा होतीच. आपल्या बाजूला १९४६ पासून महाबळेश्वरला सरकारी काम सुरू झाले आणि जांभूळ, हिरडा, कारवीच्या जंगलांतले मोहोळ काढणारे कितीतरी लोक पेटीवाले झाले. पूर्वी मध हवा तर पोळे पिळायचे, अळ्यांसकट; आता चौकटी यंत्रात फिरवून मध काढायचा आणि पोळे परत माशीला द्यायचे. हिंसा टळली आणि उत्पन्न वाढले. १९६२ साली खादी आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था काढली. हा सगळा उद्योग मनापासून उभा राहिला होता, आणि त्यात राबलेल्या माणसांविषयी मला आदर आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्यांची चूक दाखवावी म्हणून नव्हे.

या सर्व पुस्तकांत, पत्रकांत, प्रशिक्षणवर्गांत सातेरीचा एक दुर्गुण न चुकता सांगितलेला असे: ती पळते. खायला कमी पडले, ऊन लागले, मुंग्या आल्या, मेणकिडा शिरला, सारखी उघडझाप केली की एके दिवशी दुपारी सगळी वसाहत राणीसह बाहेर पडते आणि निघून जाते. मागे राहते ती रिकामी पेटी. विलायती माशी घर धरून बसते, ही बसत नाही. म्हणून ही मागासलेली. उपाय म्हणून पेटीच्या दाराशी पत्र्याची एक पट्टी लावत. तिच्या फटीतून कामकरी माशी जा-ये करू शके, पण अंगाने मोठी असलेली राणी अडकून पडे. तिला आम्ही राणीगेट म्हणत असू. राणी अडली की वसाहत अडली.

माझे मामा खानापूर तालुक्यात शेती करीत. घराच्या मागे आंबे-फणसांखाली त्यांच्या चौदा पेट्या होत्या. लहानपणी आईबरोबर सुटीला गेलो की पेट्यांच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या भरणे हे माझे काम. मुंग्या चढू नयेत म्हणून त्या वाट्या. "पळपुटी जात बघ ही," मामा म्हणायचे, "कितीही कर, पाठ फिरवतेच." पण त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा लाडच अधिक असे. तेव्हा मला ठाऊक नव्हते, आणि मामांनाही नव्हते, की पूर्वेकडून एक रोग हळूहळू खाली उतरत होता.

भारतीय सातेरीचे रोग त्याआधी नव्हते असे नाही. माशीच्या श्वासनलिकेत शिरणारा एक सूक्ष्म जीव, गोचिडीच्या गोतातला, इंग्लंडच्या वाइट बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या माश्यांच्या संहाराशी ज्याचे नाव पुढे जोडले गेले, तो १९५०च्या दशकात उत्तर भारतातल्या सातेरीत सापडला. १९७१ साली 'करंट सायन्स'मध्ये महाराष्ट्रातल्या माश्यांच्या अळ्यांना होणाऱ्या एका नव्या जिवाणूरोगाची नोंद आली. लेखकांत दिवाण, क्षीरसागर, भांबुरे, गोडबोले अशी आपली मराठी नावे आहेत. पिलावा सडतो, आंबूस वास येतो. हा युरोपातला जुना रोग, आपल्याकडे नवा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक गोष्ट जाणवते. प्रत्येक नोंद रस्त्यांच्या, बाजारांच्या, पेट्यांच्या कडेने आहे. ढोलीतल्या माशीला रोग होत नसेल असे नव्हे, तो पाहायला तिथे कोणी नव्हते हेही खरे. पण ढोल्या एकमेकींपासून लांब असतात आणि पेट्या एकमेकींना खेटून ठेवलेल्या असतात. शिवाय पेटीला चाके मिळाली.

मग आला तो विषाणू. अळी मरून तिची पाण्याने भरलेली पिशवी होते असा रोग अमेरिकेत व्हाइट नावाच्या शास्त्रज्ञाने १९१७ साली नीट वर्णिलेला होता. विलायती माशीला तो फारसा मोडत नसे. १९७६ साली थायलंडमध्ये सातेरीच्या जातभाईंवर त्याचाच एक भाऊबंद उलटला. १९८२ साली इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात तो वेगळा असल्याचे दाखवले गेले. तेव्हापासून त्याला थाई सॅकब्रूड म्हणतात. भारतात तो १९७८ साली मेघालयात दिसला. तेथून हिमालयाच्या पायथ्याने पश्चिमेकडे सरकत काश्मीरपर्यंत गेला. दक्षिणेत तो पोचला १९९१-९२ मध्ये, आणि केरळ, कर्नाटक, तामिळनाडूत दहातल्या नऊ वसाहती संपल्याच्या नोंदी झाल्या. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा मध थांबला. महाराष्ट्रालाही झळ लागली.

१९९२च्या दिवाळीच्या सुटीत मी आईला घेऊन आजोळी गेलो होतो. मामांनी मला फराळालाही बसू दिले नाही. "आधी चल, बघ की," म्हणाले. पेटीचे झाकण काढून त्यांनी एक चौकट उचलली आणि उन्हाकडे धरली. घरांची झाकणे माश्यांनीच फाडलेली. आत अळ्या उताण्या पडलेल्या, डोके वर होडीच्या टोकासारखे उचललेले. मामांनी चिमट्याने एक ओढली. कातडीची पिशवी लोंबली, तळाला पाण्याचा थेंब. वास काहीच नाही. कामकरी माश्या मेलेली अळी उपसतात, तो पाझर त्यांच्या तोंडात जातो, आणि त्याच तोंडाने त्या पुढच्या अळीला भरवतात. घर स्वच्छ ठेवण्याची हीच तळमळ रोग पसरवते. यावर औषध नव्हते. विषाणूला आजही नाही.

त्या तीन-चार दिवसांत एक गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली होती: माश्या अस्वस्थ होत्या. दुपारी दाराशी झुंडीने बाहेर येत, चक्कर मारीत. मामांनी पुस्तक काढले. माश्या पळण्याच्या बेतात असता राणीगेट लावावे असे तेथे छापलेले होते. घरात पट्ट्या निघाल्या तेरा. आम्ही दोघांनी संध्याकाळी बसून तेरा पेट्यांना त्या लावल्या. खिळे मी धरले. दुसऱ्या दिवशी वसाहती बाहेर पडल्या, आंब्याभोवती अर्धा तास घोंघावल्या आणि राणी येत नाही असे पाहून परतल्या. मामांचा चेहरा खुलला. "बसली!" म्हणाले. चौदावी पेटी तिसऱ्या दिवशी दुपारी रिकामी झाली. आम्ही तिला नुकसानीत धरले.

मी उज्जैनला परतल्यावर महिन्याभराने मामांचे पत्र आले. तेराही पेट्या संपल्या होत्या. उरलेल्या मूठभर माश्यांवर मेणकिड्याने ताबा मिळवला, पोळ्यांची जाळी झाली. मामांनी पेट्या गोठ्याच्या माळ्यावर टाकल्या त्या कायमच्या. पुढच्या वर्षी घरामागच्या जांभळीच्या ढोलीत सातेरी आली होती असे त्यांनी लिहिले. ती चौदाव्या पेटीतलीच, असे मी म्हणणार नाही. माशीच्या अंगावर नाव लिहिलेले नसते.

पण पुढे वाचनात जे आले त्याने मला झोप लागली नाही. आजारी वसाहत घर सोडते तेव्हा ती रोगट पोळी, मेलेल्या अळ्या, सगळे मागे टाकते. नव्या जागी मेण काढून, पोळे बांधून, राणीने अंडी घालून अळी होईपर्यंत मध्ये खंड पडतो. विषाणूला वाढायला मुख्यतः अळी लागते. त्या खंडात तो उपाशी राहतो. नंतरच्या काळात जाणकारांनी या रोगावर जे उपाय सांगितले, राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी बंद करणे, तगलेल्या वसाहतींपासूनच पैदास करणे, त्यातला पहिला म्हणजे या पळण्याचीच नक्कल आहे. आपण ज्याला दुर्गुण म्हणत होतो ते तिचे औषध होते, आणि मी खिळे धरून ते दाराशी अडवले. अर्थात इथे एकच बाजू सांगणे अप्रामाणिक होईल. पळणारी माशी अंगावर विषाणू घेऊनही जाते आणि वाटेत दुसऱ्यांना देते. रिकाम्या पेटीतला मध लुटायला शेजारच्या माश्या येतात त्याही तो नेतात. पळणे हे औषधही होते आणि पेरणीही. तरीही दक्षिणेत सातेरी पुन्हा उभी राहिली ती उरलेल्या दहाव्या हिश्श्यातून आणि जंगलातल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वसाहतींतून.

पडलेली जागा भरायला तिकडे विलायती माशी आणली गेली. उत्तरेत ती आधीच रुजली होती. १९६० नंतर लवकरच पंजाबच्या कांगडा भागात, आजच्या हिमाचलात, नगरोटा येथे प्राध्यापक अटवाल आणि सहकाऱ्यांनी ती यशस्वीपणे पाळली. ही घर सोडत नाही आणि मध कितीतरी पट देते. आज मुरैना-भिंडच्या मोहरीत जे पेट्यांचे तांडे दिसतात ते तिचे. आमच्या माळव्याकडे धने-ओव्याच्या शेतांकडे रात्री ट्रक जातात, जाळी बांधलेले, पाचपाच थरांचे. एकदा देवास रस्त्यावरच्या ढाब्यावर असा ट्रक थांबलेला होता. चालक चहा पीत होता आणि वर पेट्यांचा एकच हुंकार चालू होता. घर न सोडणाऱ्या माशीला माणूस घरासकट हलवतो. गंमतच आहे.

पण ही माशी ज्या शत्रूंपुढे हतबल झाली ते मूळचे आपल्याकडचे. सातेरीच्या अंगावर एक तांबूस, खेकड्यासारखा आडवा, दीड मिलिमीटरचा जीव राहतो, व्हरोआ. १९०४ साली जावाच्या माश्यांवरून त्याचे वर्णन झाले. सातेरीने त्याच्याशी हजारो वर्षे तडजोड केली आहे. ती त्याला एकमेकींच्या अंगावरून ओरबाडते; त्याची वीण मुख्यतः नर-माश्यांच्या घरातच होऊ देते; आणि एखादा नर त्याच्यामुळे अशक्त झाला तर त्याला जाड झाकण फोडता येत नाही, तो आत त्या परजीवीसकट गाडला जातो. विलायती माशीकडे यातले काही नाही. तिला पूर्वेकडे नेले तेव्हा हा तिच्यावर चढला आणि माणसाच्या गाड्या-जहाजांतून जगभर गेला: १९७०च्या दशकात युरोप, १९८७ मध्ये अमेरिका, २००० मध्ये न्यूझीलंड, आणि २०२२ मध्ये, इतकी वर्षे सुटलेला ऑस्ट्रेलियाही. २००० साली अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवले की हा जावातल्यापेक्षा वेगळा, आणि त्याला 'डिस्ट्रक्टर', विध्वंसक, हे नाव दिले. तो माशीचे रक्त पितो असे आपण सारे लिहीत होतो. २०१९ साली कळले की तो मुख्यतः तिच्या चरबीच्या पेशी खातो, आणि जखमेतून पंख वाकडे करणारा विषाणू आत सोडतो. पंजाब-हरियाणातल्या पेट्यांनीही २००४च्या सुमारास त्याचा मोठा फटका खाल्ला.

सातेरीचा आणखी एक पाहुणा, पोटातला नोसेमा, १९९६ साली चीनमधल्या माश्यांत ओळखला गेला आणि दहा वर्षांत स्पेनच्या विलायती माश्यांत सापडला. एवढे सांगून मी टाकीकडे येतो.

आग्याचाही आपला एक परजीवी आहे, ट्रॉपिलेलॅप्स. व्हरोआपेक्षा बारीक, मिलिमीटरभरही नाही, लांबट आणि फार चपळ. पोळ्यावर धावताना तिळाचा तुकडा पळतो आहे असे वाटते. आपल्या खंडातल्या जातीला २००७ साली स्वतंत्र नाव मिळाले. याची तोंडे मोठ्या माशीच्या कातडीला पुरी पडत नाहीत. त्याला मऊ अळीच लागते. अळीवाचून तो दोन-तीन दिवसांपलीकडे तगत नाही. आणि आग्या तर दर वर्षी घर सोडते. उन्हाळ्यात फुलोरा सरला की राणी अंडी घालणे कमी करते, पिलावा निघून जातो, आणि एके दिवशी सारे मोहोळ उठून जिथे फुले असतील तिकडे निघते. मुक्काम करीत, झाडांवर नुसते लोंबत, अळीशिवाय. परजीवी वाटेतच गळतात. पुढे पाऊस सरल्यावर ती परततात. आणि आसामात झालेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुकांवरून दिसले की तीच वसाहत त्याच जागी परतली होती, जरी त्या फेरीत मागच्या वर्षीच्या कामकरी माश्यांपैकी फारशी कोणी जिवंत राहत नाही. वाट कोण सांगते, राणी की वास, यावर विद्वानांनी खुशाल भांडावे.

हाच जीव विलायती माशीच्या पेटीत गेला की तिथे बारा महिने अळी आणि कोणी उठून जात नाही. मग गंधकाची पूड, फॉर्मिक आम्ल, राणीला पिंजरा. इथेही शेवटी पळण्याची नक्कल. २०२४ साली तो जॉर्जियात, युरोपच्या दाराशी सापडला आणि तिकडच्या मधपाळांची झोप उडाली. आमच्या टाकीखालच्या माशीचा पाहुणा कॉकेशसपर्यंत पोचला, तो तिच्या पंखांवरून नव्हे.

आता कोणी म्हणेल, मग आग्याला भय कसले? भय आहे ते पलित्याचे, आणि फवाऱ्याचे. माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पुष्कळशी मोकळी राहत असे, हरभरा-गहू हिवाळ्यात. मोकळ्या रानात तरवड, कुर्डू, एकदांडी फुलत. माझ्या वडिलांच्या सायकलच्या चाकांना त्या वाटेवर परागांची पिवळी रेघ लागायची. १९७० नंतर सोयाबीन आले आणि दोन दशकांत पावसाळ्यातली ती पडीक जमीन संपली. १९८७ साली इंदूरला त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही झाले. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, याला नाक मुरडणारा मी कोण? पण श्रावण-भाद्रपदात जिकडेतिकडे एकच पीक, आणि फुलाच्या वेळीच त्यावर अळ्यांसाठी फवारणी. आग्या तेव्हा बहुधा इथे नसते. मरतात त्या घर धरून राहणाऱ्या फुलोरी आणि सातेरी. हिवाळ्यात आग्या येते तेव्हा हरभऱ्यावर घाटेअळीचा फवारा चालू असतो. काही विषे जागीच मारीत नाहीत. २०१२ साली फ्रान्समधल्या प्रयोगात थायमेथोक्झामची अल्प मात्रा दिलेल्या माश्यांपैकी अनेकींना घराची वाट सापडली नव्हती. युरोपने अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली बंद केला. फुलोऱ्यात फवारू नये, फवारायचेच तर संध्याकाळी, असे आपल्याकडेही सांगतात; पण भाड्याचा पंप आणि मजूर सकाळी दहाला मिळतात, हे सांगणाऱ्याला कोणी विचारत नाही. रोगापासून उठून जाता येते. चहूकडे एकच शेत असेल तर उठून जायचे कुठे? कांद्याचे बी धरणारे शेतकरी मात्र आता विचारू लागले आहेत, कारण माशी आली नाही तर गेंदात दाणा भरत नाही. बडनगरकडचा माझा एक जुना विद्यार्थी फुलोऱ्यात पंप कोठीत कुलूप लावून ठेवतो आणि किल्ली बायकोकडे देतो.

गेल्या वर्षी कॉलनीच्या बैठकीत मी तिसऱ्यांदा उभा राहिलो. विरोध केला नाही. एवढेच मागितले की यंदा टाकीच्या बाजूला फटाके उडवायचे नाहीत, आणि मोहोळे वैशाखापर्यंत राहू द्यायची, त्यानंतर एक जरी उरले तर जाळण्याचा खर्च माझा. कुणीतरी हसले, पण मंजूर झाले. पोरांनी रॉकेटे मैदानाच्या पलीकडल्या टोकाला नेली. मोहोळे सहा होती. होळीनंतर दोन गेली. उरलेली चार एकामागून एक उठली. शेवटचे वैशाखात, सकाळी साडेनवाच्या सुमारास. मी दूधवाल्याचा हिशेब करीत दारात उभा होतो. एकदम ऊन काळवंडल्यासारखे झाले, टाकीभोवती दोन फेरे झाले, आणि तो ढग क्षिप्रेच्या दिशेने गेला.

चौकीदाराचा मुलगा आता चौकीदार आहे. त्याने बांबूने एक रिकामे पोळे पाडून मला आणून दिले. कोरडे, हलके, कागदासारखे. भिंग घेऊन मी ते दुपारभर पाहिले. घरांच्या तळाशी बारीक तपकिरी टरफले होती, हललेले काहीच दिसले नाही. टाकीच्या पोटावर सहा पांढरे मेणाचे ओरखडे आहेत. यंदा कोजागरीपर्यंत त्यांतल्या चारांवर माश्या बसल्या आहेत.